गोळी थांबल्यावर शरीर काय मागतं

सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणातल्या निजामाबाद, महबूबनगर या जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांत एकाएकी गर्दी उसळली. कुणाचे हातपाय थरथरत होते, कुणाला फीट येत होती, कुणी असंबद्ध बडबडत होतं, कुणाला समोर नसलेल्या गोष्टी दिसत होत्या. ही साथ नव्हती आणि विषबाधाही नव्हती. सरकारने भेसळीच्या ताडीविरुद्ध कारवाई सुरू केली होती आणि गावोगावची ताडी एका झटक्यात बंद झाली होती. त्या ताडीची नशा झाडाच्या रसाची नव्हतीच. तिच्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलम अशी गुंगीची औषधं मिसळलेली असत. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी ती पिणाऱ्या मजुरांना आपल्या पोटात झोपेची गोळी जातेय, याचा पत्ताही नव्हता. ती बंद झाली तेव्हा शेकडो माणसं रुग्णालयांत आली.

उमरग्यावरून हैदराबादला जाणारा महामार्ग पुढे त्याच तेलंगणात जातो. धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला ही घटना सांगण्याचं कारण मात्र केवळ जवळीक नाही. मनाच्या आजाराची गोळी बंद केल्यावर कुणाला चक्कर, थरथर, धडधड सुरू झाली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस.’ त्या मजुरांना गोळीचं नावही माहीत नव्हतं. भीती बाळगायला, कल्पना करायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. तरीही त्यांची शरीरं कोसळली. औषध तुटल्यावर होणारा त्रास हा शरीराचा त्रास असतो, हे यापेक्षा उघडपणे कुठे दिसणार?

मेंदूत रोज बाहेरून एखादं रसायन येत राहिलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गटातल्या गोळ्या मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देतात. काही आठवड्यांत मेंदू स्वतःची ती यंत्रणा थोडी सैल सोडतो, कारण काम बाहेरून होत असतं. गोळी अचानक थांबली की बाहेरचा जोरही नाही आणि आतलाही अजून परतलेला नाही, अशी अवस्था येते. झोप उडते, छाती धडधडते, आवाज सहन होत नाही, आणि मोठा डोस फार दिवस चालला असेल तर फीटसुद्धा येते. नैराश्यावरच्या गोळ्यांचं काम वेगळ्या रसायनांवर चालतं, पण जुळवून घेण्याची रीत तीच. या जुळवून घेण्याला व्यसन म्हणू नये. व्यसनात माणूस ओढीने पदार्थामागे धावतो, मात्रा वाढवत जातो. नैराश्याची गोळी घेणाऱ्या कुणालाही तिची तल्लफ येत नाही, फक्त शरीर तिच्या सोबतीला सरावलेलं असतं. ‘या गोळ्यांची सवय लागते’ या एका वाक्याच्या धास्तीने किती तरी लोक गरज असतानाही उपचार सुरूच करत नाहीत. त्यांना हा फरक समजावून सांगणं फार जरुरीचं आहे.

हे ज्ञान नवीन नाही, याचं वाईट वाटतं. नैराश्यावरचं पहिल्या पिढीतलं औषध इमिप्रामिन १९५७ च्या सुमारास वापरात आलं आणि १९५९ मध्येच ते थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली. डायझेपामच्या गटातली पहिली गोळी १९६० मध्ये बाजारात आली. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे हेदर अ‍ॅश्टन या डॉक्टर बाईंनी १९८२ पासून बारा वर्षं फक्त या गोळ्या सोडू पाहणाऱ्या माणसांसाठी दवाखाना चालवला. रुग्ण काय सांगतो ते त्यांनी खरं मानलं, लिहून ठेवलं आणि त्यातून हळूहळू डोस उतरवण्याची पद्धत बांधली. जगभरातले डॉक्टर आजही ती वापरतात. तरी कित्येक वर्षं बहुतेक पाठ्यपुस्तकं एवढंच सांगत राहिली की त्रास सौम्य असतो आणि एक-दोन आठवड्यांत जातो. इंग्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका अधिकृतपणे बदलली ती २०१९ मध्ये: काहींना हा त्रास तीव्र होतो आणि लांबतोही.

किती जणांना होतो, यावर अजून वाद आहे. २०१९ च्या एका आढाव्याने नैराश्याची औषधं थांबवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्रास होतो असं मांडलं. २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या. औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना लक्षणं आली, पण नुसती साखरेची गोळी थांबवलेल्यांपैकीही १७ टक्क्यांना आली. म्हणजे खरोखर औषधामुळे त्रास होणारे सहा-सातांत एक, आणि गंभीर त्रास होणारे साधारण पस्तिसांत एक. यातल्या बऱ्याच चाचण्या थोड्या आठवड्यांच्या होत्या, आणि आपल्याकडे लोक गोळ्या वर्षानुवर्षं घेतात. माझ्या मते दोन्ही टोकं टाळावीत. बहुतेकांची गोळी फारशा त्रासाविना सुटते, हे घाबरलेल्या माणसाला सांगायलाच हवं. आणि ज्या एकाला खरोखर त्रास होतो, त्याला आकडेवारी दाखवून गप्प करू नये.

लक्षणं ओळखता यायला हवीत. डोकं हलकं होतं, चालताना तोल जातो. मान किंवा डोळे वळवले की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आणि हा झटका इतका चमत्कारिक असतो की माणूस तो कुणाला सांगायलाही कचरतो. मळमळ, घाम, फ्लूसारखं अंग दुखणं, भडक स्वप्नं, क्षुल्लक कारणाने रडू किंवा संताप, पायांत न मावणारी अस्वस्थता. ती अस्वस्थता फार वाईट. बसवत नाही, निजवत नाही, घरभर येरझाऱ्या होतात.

घरचे लोक आणि कधीकधी डॉक्टरही हे पाहून म्हणतात, ‘बघा, आजार उलटला, आता जन्मभर गोळी.’ इथेच मोठी गफलत होते. आजार उलटायला सहसा काही आठवडे, काही महिने लागतात आणि तो जुन्याच रूपात येतो. औषध तुटल्याचा त्रास बहुधा दिवसांत सुरू होतो, त्यात पूर्वी कधीच नसलेली शारीरिक लक्षणं असतात, आणि गोळी पुन्हा चालू केली की तो दोन-तीन दिवसांत ओसरतो. ज्याला मूळ आजारात कधी चक्कर आली नव्हती आणि गोळी थांबवल्यावर चौथ्या दिवशी डोक्यात करंट बसू लागला, त्याचा आजार उलटलेला नाही. वेळ मात्र औषधागणिक बदलते. नैराश्यावरच्या गोळ्यांपैकी पॅरोक्सेटिन रक्तात निम्म्यावर यायला सुमारे एक दिवस लागतो, व्हेन्लाफॅक्सिनला काही तासच. म्हणून त्यांचा त्रास लवकर आणि जोरात येतो. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक आठवडेच्या आठवडे रेंगाळतात. त्यामुळे त्याचा त्रास कमी होतो, पण उशिरा येतो, आणि तोवर गोळी थांबवल्याचं सगळे विसरून गेलेले असतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. परदेशी मार्गदर्शिका धरून चालतात की रुग्ण आणि डॉक्टर समोरासमोर बसून औषध थांबवायचं ठरवतात. धाराशिवमध्ये बहुतेकांची गोळी ठरवून बंद केलेली नसते, ती बंद पडलेली असते. दिवाळीच्या आगेमागे कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा तोंडावर येईपर्यंत परतत नाहीत. फडावरच्या खोपीत नेलेली पाकिटं महिन्याभरात संपतात. पुढची आणायला मजुरी बुडवून जायचं कुठे? सोयाबीनचा भाव पडला की आधी घरातल्या बाईचं औषध थांबतं. नवरात्रात उपास, रिकाम्या पोटी गोळी नको म्हणून नऊ दिवस खंड. मुलीचं लग्न ठरतंय, गोळ्यांचं कुणाला कळू नये म्हणून डबीच फेकली जाते. कधी सरकारी दवाखान्यातच साठा संपलेला असतो. आणि सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे बरं वाटायला लागलं, मग गोळी कशाला? यातला एकही माणूस बेजबाबदार नाही. पण प्रत्येकाच्या मेंदूला मिळतो तो अचानक बसलेला ब्रेक, आणि पंधरा दिवसांनी कासावीस होऊन तो डॉक्टरकडे आला तर त्याच्या कागदावर ‘आजार बळावला’ अशी नोंद होते.

म्हणून ठरवून थांबवायचं असेल तर ते कसं उतरवायचं, हे नीट समजून घेऊ. सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधावर झालेल्या मेंदूच्या छायाचित्रणातून दिसलं की २० मिलिग्रॅमच्या डोसला मेंदूतली सेरोटोनिन हे रसायन परत ओढून घेणारी सुमारे ८० टक्के ठिकाणं अडवली जातात. डोस निम्म्यापेक्षाही खाली, ९ मिलिग्रॅमच्या आसपास आणला तरी ७० टक्के ठिकाणं अडलेलीच असतात. साडेतीन मिलिग्रॅमच्या किंचित खाली ५० टक्के, आणि एक मिलिग्रॅमपेक्षा कमी डोसलाही २० टक्के. म्हणजे वीसवरून नऊवर येताना मेंदूला फक्त दहा टक्क्यांचा फरक जाणवतो आणि नऊवरून शून्यावर येताना सत्तर टक्क्यांचा. वरच्या पायऱ्या वीतभर आणि तळाकडच्या पुरुषभर उंच असलेल्या बारवेत उतरावं, तसा हा उतार आहे. ‘अर्धी केली तेव्हा काहीच झालं नाही, मग बंद केली आणि मेलोच’ असं रुग्ण सांगतो तेव्हा तो अगदी बरोबर सांगत असतो. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात हे गणित मांडलं. होरोविट्झ स्वतः मानसोपचाराचे डॉक्टर, आणि स्वतःची नैराश्याची गोळी सोडताना ते या त्रासातून गेलेले होते.

व्यवहारात याचा अर्थ असा की शेवटचा तुकडा सगळ्यांत सावकाश सोडायचा. उदाहरण म्हणून नैराश्यावरच्याच एस्सिटालोप्रामची १० मिलिग्रॅमची गोळी पाहू. बऱ्याच कंपन्यांच्या गोळीवर मधोमध रेघ असते, तिथे ती सरळ तुटते. पाच मिलिग्रॅमची वेगळी गोळीही मिळते. तिचा अर्धा म्हणजे अडीच, पाव म्हणजे सव्वा मिलिग्रॅम. सुरीने केलेले पाव तुकडे सारखे होत नाहीत, चुरा होतो. औषधाच्या दुकानात गोळी कापायची छोटी प्लास्टिकची डबी मिळते, ती घेतलेली बरी. दहावरून पाच, पाचवरून अडीच, अडीचवरून सव्वा, प्रत्येक टप्प्यावर दोन-चार आठवडे थांबून, शरीर निवलं की पुढे, असा साधारण क्रम डॉक्टर आखून देऊ शकतात. बरीच वर्षं औषध घेतलेल्याला याहूनही बारीक पायऱ्या लागतात. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मात्र मोडायच्या नाहीत आणि कॅप्सूल स्वतःच्या मनाने उघडायची नाही; तिथे कमी ताकदीची किंवा द्रवरूप औषधाची सोय डॉक्टरांनाच विचारावी लागते. एक चूक फार पसरलेली आहे: ‘एक दिवसाआड घ्या.’ लवकर उतरणाऱ्या औषधात त्यामुळे मेंदू एक दिवस वर, एक दिवस खाली हेलकावत राहतो. रोज थोडी कमी, पण रोज.

आणि उतरवताना त्रास झाला तर? आधीच्या डोसवर परत जायचं, स्थिर व्हायचं, मग अर्ध्या वेगाने पुन्हा सुरुवात करायची. हे अपयश नव्हे. ज्यांची गोळी नुकतीच तुटली आहे त्यांनाही हेच लागू पडतं: चार-सहा आठवड्यांच्या आत डॉक्टरांशी बोलून थोड्या मात्रेत परत सुरू केली तर त्रास बहुधा आवरतो.

सगळ्यांत अवघड स्थिती असते ती महिने उलटले तरी लक्षणं रेंगाळणाऱ्यांची. त्यांच्यासाठी औषधाची जादू नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दिलासा देणारी एक गोष्ट अशा रुग्णांच्या अनुभवातून पुन्हा पुन्हा दिसते: त्रास सरळ रेषेत कमी होत नाही, लाटांनी येतो. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी सगळं परत आल्यासारखं वाटतं, आणि त्या पाचव्या दिवशीच माणूस हिंमत हरतो. म्हणून शाळेतली साधी वही घ्यावी. रोज एक ओळ: तारीख, गोळी किती, झोप किती तास, चक्कर होती की नाही, त्या दिवशी वेगळं काय घडलं. उन्हात कापणी, घरात भांडण, जागरण, पाळी. लिहिता येत नसेल तर मुलाने लिहावी. दोन महिन्यांनी ती वही उघडली की बऱ्या दिवसांची संख्या वाढलेली दिसते, आणि वाईट दिवसांची कारणंही. डॉक्टरांच्या पाच मिनिटांत ती वही तासाभराचं काम करते.

झोप लागो न लागो, उठायची वेळ ठरलेली ठेवावी. संध्याकाळनंतर चहा बंद. सकाळी किंवा दिवस मावळताना चालणं. चक्कर असेपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी यांपासून लांब. दारूने झोप आणायचा मोह होतो, पण दारूचा परिणाम मेंदूच्या त्याच शांत करणाऱ्या यंत्रणेवर होतो, आणि झोपेची गोळी सोडणाऱ्याने तिच्या जागी दारू घेणं म्हणजे सुटत आलेली गाठ पुन्हा आवळणं. शिवाय प्रत्येक त्रासाचा दोष तुटलेल्या गोळीवर ढकलू नये. आपल्या भागातल्या बायकांमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं. थकवा, चक्कर, धडधड त्यानेही होते. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ एकदा तपासून घ्यावं.

घरच्यांनी काय करावं? उपदेश थांबवावा. त्या माणसाच्या वाट्याची कामं काही दिवस उचलावीत आणि ‘हे जाईल’ एवढंच म्हणावं. आणि शेतकरी घरात एक गोष्ट न चुकता करावी: फवारणीचं औषध कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावं. तीव्र अस्वस्थतेची वेळ थोडीच असते, पण त्या वेळात हाताशी विष नसणं जीव वाचवतं.

काही गोष्टींत वाट पाहायची नाही. फीट आली, माणूस बरळू लागला, त्याला भास होऊ लागले, जीव द्यायचे विचार येऊ लागले, किंवा दोन-तीन रात्री झोप नसूनही त्याच्या अंगात अफाट उत्साह संचारला, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय. लिथियम झटकन थांबवल्यावर उन्माद उसळू शकतो. व्हॅल्प्रोएटसारखी फीटवरही चालणारी औषधं अचानक तोडली तर फीट येऊ शकते. स्किझोफ्रेनिया आणि द्विध्रुवी आजार असलेल्यांनी हा लेख वाचून गोळी कमी करायला लागू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नैराश्यातही सगळ्यांनी गोळी सोडावीच असं नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या झालेल्यांपैकी ज्यांनी ते चालू ठेवलं त्यांच्यातल्या ३९ टक्क्यांना वर्षभरात नैराश्य परत आलं. ज्यांनी थांबवलं त्यांच्यात ५६ टक्क्यांना. कुणी हा धोका पत्करावा आणि कुणी नाही, हे ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

बोलायचं कुणाशी, हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. मानसोपचारतज्ज्ञासाठी कित्येक जण आजही सोलापूर किंवा लातूर गाठतात. पण जवळही काही आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला जिल्हा आहे. घरोघर जाऊन मनःस्थितीची विचारपूस करण्याचं काम त्यात आशाताईंकडे आलं. त्यांच्या प्रश्नांत आणखी एकाची भर पडावी असं फार वाटतं: ‘गोळी चालू होती का, कधी बंद झाली?’ १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. झोपेच्या गोळ्यांपैकी अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या औषधांची विक्री दुकानदाराने नोंदवहीत लिहायची असते. चिठ्ठीशिवाय त्या देणारा दुकानदार उपकार करत नसतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. तो २०१८ पासून लागू आहे. अत्यावश्यक यादीतली मनाच्या आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत, असं त्याचं अठरावं कलम सांगतं. तुळजापूर, उमरगा, कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयांत ‘स्टॉक नाही’ हे उत्तर मिळालं तर ते लेखी मागावं. साठा संपतो तेव्हा रुग्णावर अचानक औषध तोडण्याची वेळ सरकार आणतं, आणि तो त्रास काय असतो हे वर आलंच आहे. तोडीला जाणाऱ्या कुटुंबाने निघण्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी मागून घ्यावी. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव, डोस, कधीपासून चालू आहे आणि कमी करणं सुरू असल्यास कितव्या टप्प्यावर आहे, एवढं लिहिलेलं असलं की सांगली-कोल्हापूरच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना तीच गोळी पुढे चालू ठेवता येते.